कठडा, अडसर आणि 'चालकाचा निष्काळजीपणा'

या मालेत मागच्या वेळी आपण 'कारण' या शब्दाचा विचार केला होता. एखादी गोष्ट घडते तेव्हा तिचं कारण एकच असतं की अनेक असतात, आणि जे तिथे नव्हतं तेही कारण ठरू शकतं का, असे ते प्रश्न होते. ते व्याख्यान ऐकलं नसेल तरी आज काही अडणार नाही. आज आपण तेच प्रश्न घेऊन भिवंडीच्या गोदामांत जाणार आहोत. विषय आहे, माल ठेवायच्या उंच रॅकना लावलेले कठडे आणि अडसर.

तत्त्वज्ञानाच्या मास्तरांनी रॅकवर काय बोलावं, असं काहींना वाटेल. पण या मालेचे बरेच श्रोते ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यातले आहेत. कल्याणहून दुर्गाडीचा पूल ओलांडून कोन गावाकडे निघालं, किंवा ठाण्याहून बाळकुम, कशेळी, काल्हेर असं गेलं, की दोन्ही बाजूंना पत्र्याच्या शेडची रांग लागते. पुढे माणकोली, दापोडे, अंजूर, वळ, आणि नाशिकच्या रस्त्याला पडघ्यापर्यंत तेच दृश्य. आपल्या दाराशी येणारं पार्सल, किराणा दुकानातलं साबणाचं खोकं, औषधाच्या दुकानातला डबा, यातलं बरंच काही या शेडमधल्या एखाद्या रॅकवरून खाली उतरलेलं असतं. आणि त्या रॅकखाली दिवसभर काम करणारी मुलं आपल्याच भागातून, रिक्षा नाहीतर कंपनीची बस पकडून तिकडे जातात. तेव्हा विषय परका नाही.

थप्पी ते रॅक

भिवंडी आपल्याला माहीत आहे ती यंत्रमागांची. मग तिथे एवढी गोदामं का झाली? एक मोठं कारण जकात. मुंबई महापालिकेच्या हद्दीत माल शिरला की जकात लागायची. म्हणून माल हद्दीबाहेर, पण मुंबईच्या जवळ ठेवायचा आणि लागेल तसा आत न्यायचा, हे सोयीचं होतं. भिवंडीभोवतीच्या ग्रामपंचायतींची जमीन त्याला अगदी योग्य होती. आग्रा रस्ता जवळ, न्हावाशेवा बंदर आवाक्यात, जमीन तुलनेने स्वस्त. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि जकात गेली. आता गोदामं हलतील असं काहींना वाटलं होतं. झालं उलटं. प्रत्येक राज्यात लहान लहान गोदामं ठेवायची करापायी असलेली गरज कमी झाली, आणि कंपन्या मोठी, उंच गोदामं घेऊ लागल्या.

'उंच' हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. जुन्या गाळ्यात मालाची थप्पी लागायची. पोत्यावर पोतं, गाठीवर गाठ. थप्पी माणूस लावायचा, डोक्यावरून किंवा पाठीवरून. त्यामुळे थप्पीच्या उंचीला माणसाच्या शरीराचीच मर्यादा होती. ज्यांच्या माथ्यावरून हा माल गेला त्यांच्यासाठी महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी कामगारांचा कायदा केला. त्यामागे अण्णासाहेब पाटलांसारख्यांनी उभी केलेली चळवळ होती. त्या कायद्याने मजुरी, भविष्यनिर्वाह निधी, नोंदणी असे प्रश्न हाताळले, आणि कामगाराच्या सुरक्षिततेचा विचारही त्यात होता. पण तेव्हाचा धोका मुख्यतः ओझ्याचा होता. मान, कंबर, गुडघे यांचा.

रॅक आला आणि ती मर्यादा सुटली. आता उंची यंत्र ठरवतं. फोर्कलिफ्ट किंवा रीच ट्रक टनभर माल आठ-दहा मीटरवर नेऊन ठेवतो. माणसाच्या डोक्यावरचं ओझं उतरलं, हे खरंच चांगलं झालं. पण बघा, ते ओझं नाहीसं झालं नाही. ते डोक्यावरून निघून डोक्याच्या वर जाऊन बसलं. आजचा सगळा विषय या एका वाक्यात आहे.

रॅक उभा कशावर असतो

रॅकची रचना साधी असते. उभे खांब, दोन खांबांना जोडणाऱ्या तिरक्या पट्ट्या, खांबाखाली जमिनीला बोल्टने आवळलेली पत्र्याची पाटी, आणि खांबांमध्ये अडकवलेले आडवे बीम. बीमच्या टोकाला हुकासारखे दात असतात, ते खांबाच्या भोकांत बसतात. खालून धक्का लागून बीम उचलला जाऊ नये म्हणून तिथे एक लहानशी पिन असते. या पिनेची किंमत फार नसते, पण ती नसेल तर फोर्कलिफ्टचा काटा वर येताना बीमला लागला की बीम निसटू शकतो.

आता हिशेब करू. एका खणात, एका पातळीवर दोन पॅलेट, प्रत्येकी एक टन. जमिनीवरची पातळी सोडून वर पाच पातळ्या. म्हणजे एका खणात दहा टन. मधल्या चौकटीवर डावीकडच्या खणाचा अर्धा आणि उजवीकडच्या खणाचा अर्धा भार येतो, म्हणजे पुन्हा दहा टन. चौकटीत खांब दोन. एका खांबावर पाच टन. आणि तो खांब कशाचा? साधारण दीड ते तीन मिलिमीटर जाडीच्या पत्र्याला घड्या घालून केलेला.

यात फसवणूक काही नाही. पत्र्याची ताकद त्याच्या जाडीपेक्षा घडीत असते. कोल्ड्रिंकचा रिकामा कॅन सरळ उभा करून त्यावर अलगद पाय ठेवला तर तो माणसाचं वजन पेलू शकतो. त्याच वेळी कोणी बाजूने बोटाने टिचकी मारली की क्षणात चपटा होतो. खांबाचं तसंच आहे. सरळ असेल तोवर पाच टन निमूट उचलतो. खालच्या अर्ध्या मीटरमध्ये एक पोचा पडला की त्याचं गणित बदलतं.

दुसरी गोष्ट लांबीची. अठराव्या शतकात ऑयलर या गणितज्ञाने दाखवून दिलं की सडपातळ खांबाची आधाराविना असलेली लांबी दुप्पट झाली, तर तो वाकण्याआधी जेवढा भार घेतो तो एक चतुर्थांशावर येतो. गोदामात याचा अर्थ काय? उंच खोकी मावत नाहीत म्हणून कोणीतरी खालचा एक बीम काढून टाकतो. बाकीचे बीम तेच, माल तोच, खांब तोच. पण खालचा टप्पा लांबला आणि खांब कमजोर झाला. रॅकच्या टोकाला भाराची पाटी लावलेली असते ना, त्या पाटीवरचा आकडा त्या क्षणापासून खोटा झाला. बीमची उंची बदलली की हिशेब पुन्हा करून घ्यायचा आणि पाटी बदलायची, हा नियम म्हणूनच असतो.

तिसरी गोष्ट, रॅक एकटा पडत नाही. एक चौकट गेली की तिच्यावरचे बीम शेजारच्या चौकटीला ओढतात. मे २०१६ मध्ये इंग्लंडमधल्या श्रॉपशायरमध्ये, हिनस्टॉक इथल्या गोदामात चीज ठेवलेले रॅक असेच कोसळले. फोर्कलिफ्टचा चालक सुमारे आठ तास ढिगाखाली होता. तो जिवंत बाहेर आला. ऑक्टोबर २०२० मध्ये ब्राझीलच्या साओ लुइस शहरात एका घाऊक सुपरमार्केटात उंच रॅक एकामागोमाग एक पडले आणि तिथे काम करणारी एक तरुणी गेली.

आपल्याकडे इमारत पडली की बातमी होते. २९ एप्रिल २०२३ ला भिवंडीजवळ वळपाड्याला खाली गोदाम आणि वर बिऱ्हाडं असलेली इमारत कोसळली, ते अनेकांना आठवत असेल. रॅकचा खांब वाकतो तेव्हा बातमी होत नाही. तो वाकून तसाच उभा राहतो, आणि त्याच्याखाली काम चालू राहतं.

खांबापुढचा कठडा

खांबाला धक्का लागतो कुठे? गल्लीतून वळताना, टोकाच्या खांबाला, आणि बहुधा जमिनीपासून गुडघ्याच्या उंचीपर्यंत. म्हणून तिथे रक्षक लावतात. खांबापुढे जमिनीत बसवलेला पिवळा गार्ड, रांगेच्या टोकाला आडवा कठडा, कोपऱ्यावर बोलार्ड. हल्ली लवचिक प्लास्टिकचेही येतात, ते दबतात आणि पुन्हा मूळ आकारात येतात.

हे लावताना दोन गोष्टी हमखास चुकतात. एक, गार्ड खांबाला चिकटवून लावतात. मग धक्का गार्डमधून थेट खांबात जातो. जमिनीत बसवलेला गार्ड आणि खांब यांच्यात मोकळी जागा हवी, म्हणजे गार्डला वाकायला वाव मिळतो. दोन, गार्ड कितीही जाड घेतला तरी तो धरून ठेवतो जमिनीतला बोल्ट. ट्रिमिक्सची लादी चांगली, पुरेशी जाड असेल तर ठीक. पातळ काँक्रीटवर वर नुसता सिमेंटचा थर असेल तर पहिल्याच धक्क्याला बोल्ट लादीसकट उपटून येतो.

पण सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, गार्ड किती धक्का सोसतो? युरोपातलं रॅकच्या रचनेचं मानक आहे, ईएन १५५१२. त्याच्या २००९ च्या आवृत्तीत अशी अपेक्षा आहे की खांबाचा रक्षक किमान ४०० मिलिमीटर उंच असावा आणि त्याने ४०० ज्यूल ऊर्जा शोषावी. चारशे ज्यूल म्हणजे किती?

दोन टन उचलणारा फोर्कलिफ्ट स्वतः तीन-सव्वातीन टनांचा असतो. काट्यावर थोडा माल. एकूण चार टन धरू. माणूस चालतो त्या वेगाने, ताशी पाच किलोमीटरने तो चालला आहे. शाळेतलं सूत्र लावा, वस्तुमानाच्या निम्म्याला वेगाच्या वर्गाने गुणायचं. उत्तर येतं सुमारे ३,८६० ज्यूल. गार्डच्या अपेक्षित क्षमतेच्या साडेनऊ पट. वेग ताशी दहा केला तर चौपट होऊन १५,४००. मग ४०० ज्यूलमध्ये हे वाहन किती वेगाने असेल? ताशी १.६ किलोमीटर. म्हणजे जवळजवळ थांबलेलं.

आता न्यायाने सांगायचं तर प्रत्येक धडकेत सगळी ऊर्जा गार्डमध्ये जात नाही. धक्का बहुतेकदा तिरका लागतो, चालकाने ब्रेक दाबलेला असतो. त्याहून मजबूत कठडेही मिळतात. तरी आकडा काय सांगतो ते लक्षात घ्या. हा गार्ड बेफाम वेगासाठी बनवलेलाच नाही. तो बनवला आहे वळताना अंदाज वीतभर चुकण्यासाठी. दहा तासांच्या पाळीत, शेकडो फेऱ्यांमध्ये, चांगल्या चालकाकडूनही जी चूक होणारच, त्या चुकीसाठी. गार्ड लावला म्हणून वेगमर्यादा सैल करणं म्हणजे हेल्मेट घातलं म्हणून सिग्नल तोडण्यासारखं आहे.

मागचा अडसर

कठडा खांबाला वाचवतो. अडसर मालाला थांबवतो. पॅलेट बीमवर ठेवताना ते जास्त मागे ढकललं जाऊ नये म्हणून मागच्या बाजूला जो आडवा बीम किंवा पट्टी असते तिला कामगार 'स्टॉपर' म्हणतात.

पाठीला पाठ लावून दोन रांगा उभ्या असतील तर त्यांच्यामध्ये माल आणि माल यांत साधारण दीडशे मिलिमीटरची फट ठेवतात. ही फट रिकामी दिसते म्हणून ती वाया गेली असं वाटतं. तसं नाही. आग लागली तर धूर आणि उष्णता या फटीतून वर जाते, वरच्या स्प्रिंकलरला जाग येते, आणि त्याचं पाणी याच फटीतून खाली उतरतं. पॅलेट मागे सरकून फट बुजली की पाणी वरच्या खोक्यांवरच अडतं. शिवाय या बाजूचं पॅलेट ढकलताना पलीकडच्या बाजूचं पॅलेट पलीकडच्या गल्लीत पडू शकतं. ढकलणाऱ्याला पलीकडे कोण उभं आहे ते दिसतच नाही.

या स्टॉपरचे दोन प्रकार मानले जातात, आणि दिसायला ते सारखेच असू शकतात. एक सुरक्षेचा. त्याला रोज कोणी शिवायचं नाही, चुकून पॅलेट मागे गेलं तर त्याने धरायचं. दुसरा टेकवायचा. चालकाने पॅलेट मागे नेत त्याला टेकवायचं आणि मग खाली ठेवायचं. दुसऱ्या प्रकारात प्रत्येक वेळी रॅकला मागून ढुशी बसते. रॅकच्या मूळ हिशेबात ती ढुशी धरलेली नसेल तर तो त्यासाठी नाही. युरोपातल्या मार्गदर्शक सूचनांत म्हणूनच हा फरक केलेला आहे आणि टेकवायच्या प्रकाराबद्दल नाराजी आहे.

लोकलने जाणाऱ्यांना हे लगेच कळेल. सीएसएमटीला रूळ संपतात तिथे बफर असतात. मोटरमन काही गाडी बफरला टेकवून थांबवत नाही. तो आधीच थांबतो, आणि बफर ९९९ वेळा नुसता उभा राहतो. २८ जून २०१५ ला चर्चगेटला लोकल बफरवर आदळून फलाटावर चढली तेव्हा तो किती पुरतो किंवा पुरत नाही ते मुंबईने पाहिलं. समजा, रोज प्रत्येक गाडी बफरला टेकवून थांबवायची पद्धत पडली असती, तर तो बफर राहिला असता का? तो ब्रेक झाला असता, आणि गाडीला बफर उरलाच नसता. गोदामात नेमकं हे होतं. सुरक्षेचा स्टॉपर लावतात, आठवड्याभरात चालकाला समजतं की याला टेकवलं की पॅलेट बरोबर बसतं, वेळ वाचतो. सुपरवायझरही खूश. कागदावर सुरक्षा आहे, प्रत्यक्षात ती कामाला जुंपली गेली आहे.

याला जोडून एक स्थानिक गोष्ट. आपल्याकडे सगळाच माल पॅलेटवर नीट बसत नाही. कापडाचे तागे, गाठी, पोती, सुटी खोकी. दोन बीमवर पॅलेट बसतं, पण सुटं खोकं मधून खाली येऊ शकतं. तिथे बीमवर जाळी हवी. रॅकच्या पाठीमागून माणसांची ये-जा असेल तर मागेही जाळी हवी. आठ मीटरवरच्या टनभर मालात ७८,००० ज्यूल ऊर्जा साठवलेली असते. मघाचा चार टनांचा फोर्कलिफ्ट ताशी साडेबावीस किलोमीटरने येऊन धडकला तर जेवढी, तेवढी. फक्त ही ऊर्जा हलत नाही, आवाज करत नाही, म्हणून दिसत नाही.

न्यायशास्त्रातला मणी

आता आम्ही आमच्या घरच्या अंगणात येतो. वस्तू खाली का पडते? वैशेषिकांचं म्हणणं असं की वस्तूत गुरुत्व असतंच. आधाराशी असलेला संयोग सुटला की ती पडते. म्हणजे पडण्याचं सामर्थ्य वस्तूत सदैव हजर आहे. न पडण्यासाठीच काहीतरी लागतं. त्या काहीतरीला प्रतिबंधक म्हणतात.

याच शब्दावर नैयायिक आणि मीमांसक यांचा जुना वाद आहे. अग्नी जाळतो. पण एक विशिष्ट मणी जवळ ठेवला तर तो जाळत नाही, असं उदाहरण ते घेत. मणी खरा की खोटा हा मुद्दा नाही. मीमांसक म्हणत, मण्याने अग्नीतली शक्ती नष्ट केली. नैयायिक म्हणत, वेगळी शक्ती मानायची गरज नाही. मणी नसणं हेही जळण्याच्या कारणांपैकी एक आहे. प्रतिबंधकाचा अभाव हे कारणच आहे. उदयनाचार्यांनी 'न्यायकुसुमांजली'त याची सविस्तर चर्चा केली आहे.

शाब्दिक कीस वाटतो ना? तो गोदामात आणून बघू. रॅक पडला, माणूस जखमी झाला, चौकशी झाली. अहवालात कारण लिहिलं जातं : चालकाचा निष्काळजीपणा. अहवाल संपला. नैयायिक विचारील, बाबा रे, बाकीची कारणं कुठे आहेत? टोकाच्या खांबाला गार्ड नव्हता, हा अभाव लिहा. बीमची पिन नव्हती, हा अभाव लिहा. खालचा बीम काढल्यावर हिशेब झाला नव्हता, लिहा. गल्ली आखलेल्यापेक्षा अरुंद होती कारण अर्ध्या गल्लीत माल उतरवून ठेवला होता, लिहा. चालकाची बारावी तास चालू होती आणि बदली माणूस नव्हता, तेही लिहा.

चालकाची चूक नव्हती, असं आम्ही म्हणत नाही. ती असेलच. पण चूक ही त्या क्षणाची असते आणि चालकाची असते. अभाव महिनोन्‌महिने तिथे असतो आणि तो दुसऱ्या कोणाच्या तरी जबाबदारीचा असतो. 'निष्काळजीपणा' हा एकच शब्द लिहिला की सगळे अभाव अदृश्य होतात, आणि त्यांच्याबरोबर ती माणसंही. गार्ड न लावण्याचं कोणाला काही वाटत नाही, कारण जे नाही ते दिसत नाही. म्हणून अभावाला कारणांच्या यादीत जागा देणं ही तर्कशास्त्रातली हौस नाही. जखमी माणसाला न्याय मिळण्याची ती अट आहे.

पोचा कोणाला सांगायचा

आता शेवटचा आणि आमच्या मते सगळ्यात व्यावहारिक मुद्दा. युरोपात रॅकच्या वापराचं आणि तपासणीचं मानक आहे, ईएन १५६३५. त्यातली पद्धत कोणालाही जमेल अशी आहे. एक मीटर लांबीची सरळ पट्टी घ्यायची, खांबाला लावायची आणि वाक मोजायचा. बीमच्या दिशेने पाच मिलिमीटरपर्यंत, तिरक्या पट्ट्यांच्या प्रतलात तीन मिलिमीटरपर्यंत, आणि त्या पट्ट्यांना दहा मिलिमीटरपर्यंत वाक असेल तर हिरवा, म्हणजे लक्ष ठेवा. त्याहून जास्त पण दुपटीच्या आत असेल तर पिवळा, म्हणजे उतरवलेला माल पुन्हा चढवू नका, दुरुस्त करा. दुपटीच्या वर गेला तर लाल, म्हणजे तो भाग ताबडतोब रिकामा करा. शिवाय गोदामातला एक माणूस रॅकच्या सुरक्षेसाठी नेमलेला असावा, आणि वर्षातून किमान एकदा जाणकाराकडून तपासणी व्हावी.

तीन आणि पाच मिलिमीटर. दोन-तीन नाण्यांच्या थराएवढं. हे ऑफिसच्या खुर्चीतून दिसत नाही. हे दिसतं कोणाला? ज्याच्या हातून धक्का लागला त्याला. पहिली आणि बहुधा एकमेव खबर त्याच्याकडे असते. मग तो सांगतो का?

अनेक ठिकाणी साखळी अशी असते. शेड एकाची, भाड्याने घेतली कंपनीने, चालवायला दिली लॉजिस्टिक्सवाल्याला, माणसं पुरवली मजूर ठेकेदाराने. गार्ड वाकला की भरपाई वरून खाली सरकत येते आणि चालकाच्या पगारातून कापली जाते. ज्या गोदामात असं होतं तिथे चालक काय करील? पोचा झाकील. खोकं पुढे सरकवील, पिवळा रंग मारील. म्हणजे दंडाने शिस्त आली असं वाटतं, प्रत्यक्षात गोदामाचे डोळे गेले.

कठड्याची खरी किंमत तो किती ज्यूल सोसतो एवढ्यात नाही. तो धक्का आपल्या अंगावर घेतो आणि खूण ठेवतो. खांब वाकण्याआधी त्याने दिलेली ती सूचना असते. ती वाचायला माणूस हवा, आणि वाचून सांगणाऱ्याला शिक्षा होणार नाही याची खात्री हवी. ही खात्री नसेल तर कितीही महागडा कठडा मुका.

कायद्याबद्दल थोडक्यात. १९४८ च्या कारखाना कायद्यात १९८७ साली, भोपाळनंतर, मालकाची सर्वसाधारण जबाबदारी सांगणारं कलम ७ए आलं. पण गोदाम हा 'कारखाना' आहे का, यावर वाद घालता येई. नुसता माल ठेवला तर नाही, पॅकिंग होत असेल तर व्याख्येत बसू शकतो. संसदेने २०२० साली मंजूर केलेल्या व्यवसाय सुरक्षा संहितेने दहा किंवा अधिक कामगारांची 'आस्थापना' धरली आहे, ही चौकट जास्त रुंद आहे. पण कुठलाही कायदा त्या पाच मिलिमीटरच्या वाकापर्यंत स्वतः चालत जात नाही.

श्रोत्यांचे प्रश्न

*सर, मी गोदामात सुपरवायझर आहे. दंड बंद केला तर चालक बिनधास्त होतील. मग शिस्त कशी राहणार?*

चांगला प्रश्न. धक्का लागला म्हणून दंड आणि धक्का लपवला म्हणून कारवाई, या दोन गोष्टी वेगळ्या करा. पहिल्यावर शिक्षा नाही, दुसऱ्यावर आहे, हे सगळ्यांना आधी सांगा. वेगमर्यादा मुद्दाम तोडणं, नशेत चालवणं, हे तिसरं. त्यावर कडक राहा. आणि नोंदवहीत चालकाचं नाव पहिल्या रकान्यात लिहू नका, खांबाचा नंबर लिहा. महिन्याने वही उघडा. एकाच खांबाला चार वेगवेगळ्या चालकांचा धक्का लागला असेल तर दोष वळणाचा आहे, किंवा तिथल्या दिव्याचा.

*आमची लहान शेड आहे. हे सगळं परवडणार कसं?*

सगळं एकदम नका करू. आधी फुकटच्या गोष्टी : भाराची पाटी वाचा, गल्ली मोकळी ठेवा, सरळ पट्टीने खांब मोजा. मग स्वस्त गोष्टी : हरवलेल्या पिना, सैल बोल्ट. पावसाळ्यात पाणी शिरत असेल तर खालच्या पाट्यांचा गंज बघा. त्यानंतर टोकाचे खांब आणि वळणं, तिथे गार्ड. जिथे माणसं चालतात त्याच्या वर जाळी. मधल्या खांबांचं नंतर बघता येईल.

*सर, स्टॉपरला टेकवल्याशिवाय पॅलेट सरळ बसत नाही, मग आम्ही काय करायचं?*

हे तुम्ही चालक म्हणून विचारताय, बरोबर? मग तुमचा अनुभव खरा आहे. उंचावर अंदाज येत नाही. त्याचा अर्थ तुम्हाला अंदाजाला मदत हवी आहे : बीमवर खुणेची रेघ, चांगला उजेड, काट्यावर कॅमेरा, किंवा निदान पॅलेट ठेवायला पुरेसा वेळ. यातलं काय कमी आहे ते लिहून द्या, तारखेसकट. एक प्रत स्वतःजवळ ठेवा. उद्या काही झालं आणि कोणी 'निष्काळजीपणा' लिहायला बसलं, तर त्या कागदावर बाकीची कारणं आधीच लिहिलेली असतील.